मुरायला ठेवलेलं

कायदा म्हणतो, घरटी चार झाडं.
ओडोननं चारच लावली. पाचवं आपलं आपण
मिरच्यांच्या वाफ्यात उगवलं,
आणि ऑगस्ट सरेपर्यंत आम्ही दोघंही त्याला
मिरचीच म्हणत होतो.

आता पाचही उलटी टांगलीत
तंबाखूच्या जुन्या भट्टीत.
इथे छताला भिडेपर्यंत काठ्या असायच्या, काठ्यांना पानं,
पानांच्या बोज्यानं तुळया कण्हायच्या.
आता कोपऱ्यात एवढीशी दोरी.
नॉरफोकची ही वाळूची जमीन. तंबाखू गेली,
जिनसेंग आलं, कुणी लव्हेंडर लावलं,
आम्ही म्हातारे झालो.

गांजा हा शब्द तो उच्चारत नाही. पीक म्हणतो.
ओढणार कोण? तो नाही, त्याची छाती कधीच गेली.
लोण्यात शिजवून तुझ्या गुडघ्यांना, पिरी, म्हणतो,
जसं काही गुडघ्यांनी मागितलंय.

नातू ब्रॉडी मीटर देऊन गेलाय, चपटा, पांढरा.
हवेतली ओल आकड्यात दाखवतो.
साठच्या वर गेला की खिडकी उघड, आजोबा.
ओडोन मान डोलावतो. मग मीटर पालथा घालतो
आणि बारीकशी डहाळी कानाशी नेऊन वाकवतो.
चौथ्या दिवशी वाकली. सातव्या दिवशीही वाकली.
लेक एरीवरून दमट वारा आला तो तीन दिवस हलेना,
एका जाड फुलाच्या पोटात राखेसारखी बुरशी निघाली.
त्यानं ते कापलं, भोवतालचं चार बोटं जास्तच कापलं,
आणि चुलीत टाकून हात धुतले, दोनदा.
अकराव्या दिवशी डहाळी
कट्‌ म्हणाली.

मग बरण्या. माझ्या, पीचच्या. विचारलं नाही.
पाऊण भरायची, वरचा पाव हवेला.
पहिल्या दिवशी ओल्या गवताचा वास,
दुसऱ्या दिवशी एकीतून नवसागरासारखा झोंबणारा,
ती अख्खी बरणी वर्तमानपत्रावर उपडी केली,
निधनवार्तांवर, आणि संध्याकाळी पुन्हा भरली.
दिवसातून दोनदा झाकण उघडायचं, थांबायचं, लावायचं.
एवढंच काम. बाकीचं आतल्या आत होतं.

पण तो तिसऱ्यांदाही उठतो. रात्री दोनला.

दोनलाच का, ते मला ठाऊक आहे.
सतराचा होता. बापाची भट्टी, हिच्या आधीची.
सहा रात्रींचं जागरण, बाकड्यावर कलंडला,
एक पान काठीवरून सुटलं
आणि तापलेल्या नळीवर पडलं.
मी पानं बांधायच्या टेबलावरची, सोळाची,
बोटांचा काळा चीक तीनदा धुऊनही पावाला लागायचा.
रस्त्यावर उभी राहून पाहिलं मी. सगळं गावच पाहत होतं.
बाप काही बोलला नाही.
सकाळी हातात फावडं दिलं.

साठ वर्षांत आम्ही यावर बोललो नाही.
बरणीला आग लागत नाही, ओडोन,
विसरलास तर फार तर बुरशी येईल, ब्रॉडी हसेल.
हे म्हणायचं मी दर रात्री ठरवते,
आणि पायऱ्यांवर त्याची पावलं मोजत पडून राहते.

काल दोन वाजले आणि तो घोरत होता.
तोंड उघडं, दात पेल्यात.
मी उठले. पायात त्याचेच बूट.
तळघरात नऊ बरण्या. एकेक झाकण फिरवलं.
गवत गेलंय आता. मिरी आहे, संत्र्याची साल आहे,
आणि तळाशी काहीतरी, ज्याला मला नाव देता आलं नाही.
मला हा वास आवडत नाही. कालही आवडला नाही.
तरी शंभर मोजले, सावकाश,
मध्ये एकदा चुकले म्हणून पुन्हा पहिल्यापासून.
मग झाकणं लावली.

सकाळी कॉफीवर त्यानं विचारलं,
बरण्या कुणी हलवल्या?

मिरचीनं, म्हटलं.